सांदवाडीतले नऊ दगड

हाड फोडायचं तर टोकावर मारून उपयोग नाही. टोकावर मारलं की नुसता चुरा होतो आणि आतला मगज चुऱ्यात जातो. नळी आडवी ठेवायची, हातातला दगड खांद्यापर्यंत उचलायचा आणि मधोमध एकच घाव घालायचा. अल्काला हे कोणी शिकवलं नव्हतं. बकऱ्याच्या चाळीसेक नळ्या फोडल्यावर तिच्या हाताला ते आपसूक कळलं. नागपूरहून आलेली, धाब्यावर तंदुरी झोडणारी पोरं अर्ध्या तासात तळहाताला फोड आले म्हणून सावलीत जाऊन बसली, आणि जिच्या घरात अंडंसुद्धा शिरत नाही ती बाई कडाकड हाडं फोडत राहिली. आता याला काय म्हणावं ते तुम्हीच म्हणा.

कपार चिचगडच्या पुढं, जंगलात, नाल्याच्या अंगाला होती. नागपूरच्या एका कॉलेजातले हेमेंद्र सर हिवाळाभर तिथं खणत होते. दोन हात खाली त्यांना काळे गुळगुळीत दगड सापडले होते. काही मुठीत मावतील असे, काही बसके आणि मधे खळगे पडलेले. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी इथं बसून कोणीतरी काहीतरी कुटलं होतं, वाटलं होतं. काय कुटलं, एवढाच सरांचा प्रश्न. चारोळी, कंद, गेरू की हाडं? उत्तर काढायची त्यांची तऱ्हा मात्र सरळ होती. त्याच नाल्यातले नवे दगड घ्यायचे, एका दगडानं एकच जिन्नस कुटायचा, घाव मोजायचे आणि दगड न धुता दोन महिने ओल्या मातीत पुरायचे. मग ते काढून यंत्राखाली बघितले, की नव्या दगडांवरच्या खुणा जुन्यांशी ताडून बघता येतात.

अल्का तिथं मातीची टोपली उचलायला जात होती. सरांची विद्यार्थिनी रुचिका दगडाशी झटापट करताना बघून तिला राहवलं नाही. "असं नाई म्याडम. मनगट ढिलं सोडा. दगडालेच पडू द्या," म्हणत तिनं दगड हातात घेतला. त्या दिवसापासून तिची टोपली सुटली. एक दगड गेरूचा, दोन चारोळीचे, एक कंदाचा आणि पाच हाडांचे. एकेका दगडाचे हजार घाव. अल्का पुटपुटत मोजायची, रुचिका वहीत लिहायची आणि शेवटी दगडावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकायची. एक ते नऊ.

न धुणं मात्र अल्काच्या जिवावर आलं. पाटा-वरवंटा खरकटा राहिला तर तिच्या घरात सासू जेवायला बसत नसे. इथं दगडाला मगज वाळून चिकटलेला, त्यात बोकडाचे केस, आणि तो तसाच ठेवायचा! "त्या काळच्या बायका धूत नसतीन का?" तिनं विचारलं. रुचिका हसली आणि तिनं तेही वहीत लिहून घेतलं.

पुरायचे कुठं, हा पेच होता. कपारीत अस्वलं येत, रानडुकरं जमीन उकरत. अल्काची सांदवाडी, म्हणजे घरामागची वाडी, काटेरी कुंपणानं पक्की बंद होती. सरांनी विचारलं आणि अल्का हो म्हणाली. इथंच तिनं ती चूक केली, जी माळकरी सासूच्या सुनेच्याच हातून व्हायची. नऊच्या नऊ दगड गेरूचे आणि बियांचे आहेत, असं तिनं घरी सांगितलं.

सासू म्हणजे रुक्माबाई. सत्तरीची, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात सगळे दात शाबूत, आणि त्या दातांचा तिला भारी तोरा. तिचा एकुलता एक मुलगा खुशाल तीन वर्षांपूर्वी झोपेतच गेला. हृदय बंद पडलं म्हणाले. तेराव्याला भाऊबंद म्हणाले, सुनेला माहेरी लावून द्या, लेकरूबाळ नाही, ठेवून काय करता? रुक्माबाईनं भर मांडवात सगळ्यांना झाडलं होतं. "हे माही पोरगी होय. जिले जा म्हनाचं व्हतं तिनं माह्या दारातून आधी सोता जावं." तेव्हापासून दोघी एका ताटात जेवत. अल्काला जगात एवढं एकच माणूस होतं, आणि त्याच माणसाशी ती खोटं बोलली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दगड पुरले गेले. हातभर खोल, तीन रांगांत तीन. प्रत्येकाच्या डोक्यावर बांबूची खुंटी आणि खुंट्यांना रुचिकानं ताणून बांधलेला लाल दोरा. माती ओली राहायला हवी होती, म्हणून रोज सकाळी खुंटीगणिक एक लोटा पाणी. सरांची माणसं गेली नागपूरला. अल्का पहाटेच कामावर जायची, तेव्हा पाणी घालायचं काम रुक्माबाईनं आपणहून उचललं. ओठांतल्या ओठांत नाम घेत ती एकेका खुंटीवर लोटा रिकामा करी.

कुंपणापलीकडे केवलराम राहत होता, नात्यानं खुशालचा चुलतभाऊ. त्याची बायको नंदाबाई रोज सकाळी हे बघत होती. एकदा तिनं विचारलंही. "काय करून राहिली वो काकू?" रुक्माबाई ऐटीत म्हणाली, "माह्या सुनेचं काम होय. सरकारी. तुले नाई समजनार." दोन वाक्यं नीट बोलली असती तर काय बिघडलं असतं! पण तिला तरी कुठं धड माहीत होतं?

चाळीस घरांची ती टोली. मार्चअखेर एक म्हातारा दम्यानं गेला. एप्रिलमध्ये मोहफुलं वेचताना एका बाईला साप चावला. आणि मे लागताच केवलरामचा विक्की गेला. बावीस वर्षांचं पोर, तीन दिवस तापानं फणफणलं, चौथ्या दिवशी दवाखान्याच्या वाटेवरच मान टाकली. डॉक्टर म्हणाले हिवताप डोक्यात गेला. केवलरामला ते पटलं नाही. तो मांत्रिकाकडे गेला. मांत्रिकानं तांदूळ टाकले आणि सांगितलं, तुझ्या घराच्या उगवतीला मातीत काहीतरी आहे, आणि त्याला रोज पाणी मिळतं.

केवलरामचं दुःख खोटं नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं, खोट्या दुःखात एवढं बळ नसतं.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. अल्का पहाटेच जंगलात गेली होती आणि दहाच्या सुमारास पानांचा भारा डोक्यावर घेऊन परतत होती. टोलीत शिरताना तिला एकही माणूस दिसला नाही. मग आवाज आला. आरडाओरडा नव्हे, थप्प असा एकच आवाज, आणि त्यामागून एक कण्हणं. भारा टाकून ती धावली.

कुंपण आडवं पडलं होतं. सांदवाडीत नऊ खड्डे उघडे पडले होते आणि नऊ दगड अंगणात रांगेनं मांडले होते, नंबर वर करून. दोन महिने ओल्या मातीत राहून हाडांच्या दगडांना बुरशी धरली होती, त्यांना सडका वास मारत होता. एकावरचे बोकडाचे केस तसेच होते. त्या रांगेच्या पुढं, मांडवाच्या खांबाला, रुक्माबाई बांधलेली होती. तिचे केस मुळापासून कापले होते, कानशिलावरून रक्त वाहत होतं. भावकीतल्या शालीकरामनं तिचे दोन्ही खांदे खांबाला दाबून धरले होते. टोलीतल्याच बिसरामनं तिचा जबडा दोन्ही हातांनी फाकवला होता. आणि केवलराम गुडघ्यावर बसला होता, हातात पाच नंबरचा दगड घेऊन.

चेटकिणीचे दात पाडले की तिचा मंत्र चालत नाही. त्या भागात हे बारक्या पोरालाही ठाऊक असतं.

वरचे पुढचे दोन दात आधीच गेले होते. तिच्या हनुवटीवरून रक्त आणि लाळ माळेवर ठिबकत होती. टोलीतली तीस-चाळीस माणसं कडं करून उभी होती. कोणी मोबाइल धरला होता. नंदाबाई जमिनीवर बसून ऊर बडवत होती.

"सोडा तिले!" अल्का कड्यातून घुसली. "भाऊजी, ते दगड कालेजवाल्यायचे होत! सरायचे! फोन लावून देतो, सोताच विचारा!"

"सात नंबर," केवलराम तिच्याकडे न बघताच म्हणाला. "सात तारखेले गेला माहा विक्की. सात नंबरच्या दगडाले केस आहेत पाहा."

"बकऱ्याचे केस होत ते!"

हे ऐकताच रुक्माबाईची मान हलली. फाकवलेल्या तोंडानं ती अल्काकडे बघू लागली. दगड बियांचे होते ना? एवढ्या मारातही तिच्या डोळ्यांत तो प्रश्न उमटलेला अल्काला दिसला, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती पुढं सरकली तशी बिसरामनं एक हात सोडवून तिच्या कानाखाली जाळ काढला. ती पडली. कोणीतरी तिच्या कमरेत लाथ घातली, दुसऱ्यानं बोटांवर पाय दिला. तिचा फोन कोणीतरी भिंतीवर आपटला. ती हात जोडत होती, देवाच्या आणाभाका घेत होती, ज्याचं त्याचं नाव घेऊन विनवत होती. एकाच्या बायकोचं बाळंतपण तिनं केलं होतं. त्यानंच तिचा अंबाडा धरून डोकं मातीत घासलं.

थप्प. दुसरा घाव पडला. या वेळी रुक्माबाई कण्हली नाही, तिच्या घशात काहीतरी गुरगुरलं. खालचे दात ओठासकट गेले. केवलराम रडत होता. रडत रडतच त्यानं दगड तिसऱ्यांदा उचलला, आणि या वेळी खांद्याच्याही वर उचलला. तो आता दातांवर मारणार नव्हता. हजारो घाव घातलेल्या अल्काला ते कळलं. असा उचललेला दगड कवटी फोडतो.

तिच्या हाताला रांगेतला तीन नंबर लागला. केस धरणाऱ्याच्या मुठीत एक बट सोडून ती उठली आणि केवलरामच्या हातावर, मनगट आणि कोपराच्या बरोबर मधोमध, एकच घाव घातला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. केवलरामच्या हातातून दगड गळाला, हात भलत्याच जागी वाकला आणि चामडीतून पांढरं टोक बाहेर आलं. तो बोंबलत मागं कोसळला. शालीकराम तिच्या अंगावर आला तेव्हा तिनं त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर घाव घातला. तोही बसला. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी बरं वाटलं. आणखी मारावंसं वाटलं. मेल्यांनो, या की आता, असं वाटलं.

पण ते आलेच. कडं आवळलं. कुणाच्या हातात काठी होती, कुणाच्या कुऱ्हाड. ती एकटी, खांबाला बांधलेली म्हातारी मागं, आणि समोर चाळीस माणसं. किती हाडं मोडणार? एक काठी तिच्या खांद्यावर बसली आणि डावा हात बधिर झाला. बिसरामनं कुऱ्हाड उचलून रुक्माबाईच्या मानेकडे वळवली. "आधी बुडीले संपवा! तिचाच मंतर चालून राहिला!"

आणि तेव्हा अल्काला त्या सगळ्यांचे डोळे दिसले. ते चिडलेले होते, पण चिडण्याहून जास्त भ्यालेले होते. दगडांच्या रांगेवर कोणीही पाय देत नव्हतं. एवढ्या झटापटीत चाळीस माणसं त्या दगडांना वळसा घालून मारत होती.

"बुडीले काईच मालूम नाई!" ती ओरडली. "दगड माहे होत! म्या पुरले! तिले पानी घालाले म्याच लावलं!"

कुऱ्हाड थांबली.

जमिनीवरून केवलराम म्हणाला, "तूच खाल्लं माह्या विक्कीले?"

विक्की तिला काकी म्हणायचा. लग्न होऊन ती या टोलीत आली तेव्हा तो शाळेत जात होता, तिच्या हातची भाकर मागून खायचा. नंदाबाईनं रडणं थांबवून मान वर केली. रुक्माबाईही ऐकत होती. नाही म्हटलं तर कुऱ्हाड पडणार होती.

"हो," अल्का म्हणाली. "म्याच."

ती दगडांच्या रांगेजवळ उकिडवी बसली. तीन नंबर अजून तिच्या हातातच होता. "सात विक्कीचा. तो झाला. आता बाकीच्यायचे आयका. एक बिसरामचा. दोन शालीकरामचा." मग कड्यातल्या माणसांकडे बघत तिनं एकेकाचं नाव घेतलं, एकेका दगडावर बोट ठेवत. ज्यानं अंबाडा धरला होता त्याचं, ज्याच्या हातात मोबाइल होता त्याचं. "बुडीले हात लावला तं फोडून टाकीन एकेक. दगड फुटला की मानूस गेला. पाह्यतो का? पाह्य!"

आणि तिनं तीन नंबरानं एक नंबरावर घाव घालायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, मोठ्यानं मोजत. कपारीत जसं मोजायची तसंच. कपच्या उडत होत्या, एक कपची तिच्या भुवईत घुसली, रक्त डोळ्यात उतरलं, ती थांबली नाही. दहाला बिसरामच्या हातातून कुऱ्हाड गळाली. "नोको वो! नोको! माहे लहान लहान पोट्टे आहेत!" म्हणत तो अंगणाबाहेर पळाला. तिसाला अर्धं कडं पांगलं. शालीकरामला दोघांनी उचलून नेलं, केवलरामला त्याच्या पुतण्यानं. नंदाबाई सगळ्यांत शेवटी उठली. तिनं अल्काच्या अंगावर मूठभर माती फेकली आणि गेली. साठाला अंगणात कोणी उरलं नव्हतं. अल्का तरी मोजतच होती.

मग ती उठून खांबाजवळ गेली. दोराच्या गाठी रक्तानं घट्ट झाल्या होत्या, त्या तिनं दातांनी सोडवल्या. "आत्या, झालं आता. गेले सारे." रुक्माबाईनं डोळे मिटून घेतले होते. अल्काचा हात लागताच तिचं सगळं अंग आखडलं. दुखत असेल, असं अल्काला वाटलं.

दुपारी चिचगडहून पोलीस आले. पाच जणांना उचललं. केवलरामला आधी हाताला प्लास्टर आणि मग बेड्या. मोबाइलमधलं सगळं जप्त झालं आणि त्यात अल्काचं बोलणंही होतं. साहेबांनी ते तिला दोनदा ऐकवलं. "असं काऊन बोलली तू?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. साहेबांना समजलं, ते भले माणूस होते. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी हेमेंद्र सर आले. पंचायतीसमोर पडदा लावून त्यांनी फोटो दाखवले. कपार, जुने दगड, नवे दगड, रुचिकाची वही. हात जोडून गावाची माफी मागितली, म्हणाले, हे आम्ही आधीच सांगायला हवं होतं. हवंच होतं! शाळेत जाऊन आदिमानवावर भाषण ठोकायला यांना वेळ होता, शेजारच्या चार घरांत जाऊन दोन वाक्यं बोलायला नव्हता. लोकांनी सगळं शांतपणे ऐकलं. शेवटी मागून एक बाई उठली. "सर, दगड तुमचे होत, समजलं. मंग ते बाई हो काऊन म्हनली?" सरांनी समजावलं, जीव वाचवायला म्हणाली. बाईनं मान डोलावली आणि शेजारणीकडे बघितलं. ते बघणं सरांनाही समजलं असावं, कारण त्यांनी पडदा गुंडाळायला घेतला.

रुक्माबाई गोंदियाच्या दवाखान्यात होती. जबडा दोन ठिकाणी मोडला होता, तारेनं बांधला होता, ओठाला अकरा टाके. नऊ दिवस ती बोलली नाही. अल्का खाटेखाली चटईवर झोपायची, तिचं हगणंमुतणं काढायची, कापलेल्या केसांतल्या जखमा पुसायची. आत्या, मी खोटं बोलले, दगड हाडांचे होते, मला माफ करा, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. आणि ते विक्कीचं बोलले तेही खोटं, तेही सांगितलं. रुक्माबाई छताकडे बघत राहिली. अल्काला वाटलं, औषधाची गुंगी आहे.

दहाव्या दिवशी नर्सनं वाटी आणून ठेवली. "अम्मा को थोडा दाल का पानी पिला दो. धीरे धीरे."

अल्कानं चमचा भरला, फुंकर घालून निववला आणि सासूच्या ओठांशी नेला. तारा बांधलेल्या जबड्यातून, फुटक्या ओठांतून, रुक्माबाईनं काहीतरी म्हटलं. अल्काला ऐकू आलं नाही. ती वाकली.

"माह्या खुशालचा," रुक्माबाई म्हणाली, "कोन्ता नंबर व्हता?"

अल्का तशीच वाकलेली राहिली. नाही म्हणायचं, तर नाही ती आधीही म्हणाली होती. म्हातारीच्या डोळ्यांत राग नव्हता. ती भ्याली होती. चमचा जवळ आला तशी तिनं मान भिंतीकडे फिरवली आणि होते नव्हते ते सगळे दात घट्ट आवळून घेतले.

चमचा वाटीत ठेवून अल्का दारापर्यंत गेली आणि तिनं नर्सला हाक मारली. "सिस्टर, तुम्हीच पाजा. माह्या हातून नाई घेत ते."